कपाटाचा कोमट थर्मास

वॉशिंग्टन एचेगारायला थर्मासशिवाय पाहिलं असं आमच्या गल्लीत कुणी म्हणालं, तर तो माणूस थापा मारतोय असं खुशाल समजावं. डाव्या काखेत थर्मास, डाव्याच हातात येर्बाचा, म्हणजे आमच्या कडू पाल्याच्या चहाचा, तुंबा आणि उजवा हात जगातली बाकीची कामं करायला मोकळा. असं आमच्या पासो एस्पिनियो गावात सगळेच हिंडतात म्हणा. लग्नाला जातात, मयताला जातात, बँकेच्या रांगेत उभे राहतात, काखेत थर्मास असतोच. पण इतरांच्या काखेत तो दिसतो, वॉशिंग्टनच्या काखेत तो हरवतो. हा माणूस दारात उभा राहिला की घरात दिवा लावावा लागतो. म्हणून त्याचं नाव पडलं कपाट. त्याची बायको सुलमासुद्धा त्याला कपाटच म्हणते, फक्त जरा लाडात.

कपाटाने तरुणपणाची सगळी वर्षं मेंढ्या भादरण्यात घालवली. कातरणाऱ्यांच्या टोळीबरोबर या माळावरून त्या माळावर जायचं, मेंढीला मागून धरायचं, बुडावर बसवायचं, गुडघ्यांत आवळायचं आणि लोकर उतरवायची. बुडावर बसवलेली मेंढी पाय झाडायचं विसरते, निमूट होते. कपाटाच्या हातातली तर इतकी निमूट व्हायची की टोळीतले म्हणायचे, हा तिच्या कानात काहीतरी सांगतो. मग एका हंगामात त्याच्या कंबरेने राजीनामा दिला. पस्तिशीला आलेला हा गडी चक्क परिचारिकांच्या शाळेत जाऊन बसला.

आमच्या गल्लीला एवढा विषय बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. त्याची सासू, दोन्या एलीदा, हिचं ताज्या नोकी आणि रावियोलीचं, म्हणजे बटाट्याच्या आणि सारणाच्या पिठगोळ्यांचं, दुकान आहे, आणि तिथे पिठापेक्षा बातम्या जास्त मळल्या जातात. तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "बरं झालं. ऑपरेशनला भुलीचं औषध लागणार नाही. जावयाने सुई घेऊन नुसतं दारातून वाकून बघितलं, की पेशंट आपोआप आडवा."

कपाट हसला. तो नेहमीच हसतो. एवढ्या मोठ्या अंगाच्या माणसाने हसलं नाही तर लोक घाबरतात, हे त्याला लहानपणीच कळलेलं.

शेवटच्या वर्षी त्याला कामाच्या सरावासाठी गावाबाहेरच्या मनोरुग्णांच्या इस्पितळात पाठवलं. पुरुषांच्या वॉर्डाची मुख्य परिचारिका होती ब्लांका बेंतांकुर, चिमणीएवढी बाई, चष्मा गळ्यात दोरीला. तिने लोखंडी दार उघडलं आणि विचारलं, "काखेत काय आहे?"

"कुठे?" कपाट म्हणाला. खरंच म्हणाला, हे तिनेच नंतर हसून हसून सांगितलंय.

"तुमच्या काखेत."

त्याने मान वळवून पाहिलं. "अरेच्चा. थर्मास."

"त्यात?"

"पाणी. येर्बाला लागतं तेवढं गरम."

"म्हणजे कुणी तोंडावर फेकलं तर कातडी सोलेल तेवढं. आणि तुंब्यातली नळी धातूची." तिने हात पुढे केला. "द्या. संध्याकाळी जाताना मिळेल."

आतून एकजण ओरडला, "दोन्या ब्लांका, त्याला बाहेर ठेवा, थर्मास आत पाठवा. गरम पिऊन वर्ष झालं."

कपाटाने थर्मास काढून दिला तेव्हा त्याला कुणी हातच काढून घेतल्यासारखं वाटलं. दिवसभर डावी काख आवळून चालत होता.

वॉर्डात येर्बा नव्हता असं नाही. आमच्या मुलखात येर्बाशिवाय तुरुंगही चालत नाही. पण तिथे प्लास्टिकची नळी आणि वॉर्डाच्या थर्मासात कोमट पाणी असा नियम होता. कोमट पाण्यातला येर्बा म्हणजे ओलं गवत चोखणं. तरीही रोज दुपार कलली की अंगणातल्या तुतीखाली खुर्च्यांचं कडं व्हायचं आणि फेरी सुरू व्हायची. भरणारा पहिला तुंबा स्वतः पितो, मग भरून शेजारच्याला देतो, त्याने रिकामा करून परत द्यायचा, मग पुढच्याला. क्रम मोडायचा नाही. आमच्याकडे एखाद्याशी वैर जाहीर करायचं असेल तर शिवी लागत नाही, फेरीत त्याला ओलांडून पुढे गेलं की झालं. त्यावरून सोयरिकी मोडल्यात.

भरायचं काम नेहमी नोकरीवरच्या कुणाकडे असायचं. कपाट आला तसं ते त्याच्याकडे आलं.

कड्यात त्याच्या डाव्या हाताला बसायचा आनिबाल सिल्वेरा. राजधानीच्या बसवर कंडक्टर होता, पन्नाशीचा, अजून निळा सदरा इस्त्री करून घालायचा. येईल त्याला विचारायचा, "कुठे उतरणार?"

पहिल्या दिवशी कपाट म्हणाला, "मी इथे काम करतो."

"काम करणाऱ्यांनाही उतरावं लागतं," आनिबाल म्हणाला.

कपाटाला हा माणूस आवडला. टोळीबरोबर हिंडताना तो त्या बसने कितीदा गेला होता, त्यामुळे थांबे त्यालाही पाठ होते. आनिबालने एक नाव घ्यावं, कपाटाने पुढचं घ्यावं, असं करत दोघं तुतीखालून राजधानीपर्यंत जाऊन यायचे. मध्येच एखादा थांबा कपाट मुद्दाम गाळायचा आणि आनिबाल खूश होऊन त्याला पकडायचा. "तिथे पूल आहे साहेब. पूल गाळलात तर बस पाण्यात."

मग तो मंगळवार आला. आनिबालची बहीण भेटायला येणार होती, आली नाही. दुपारी त्याला वाटायला लागलं की बस त्याला सोडून निघालीये. तो पळत जाऊन लोखंडी दारावर आदळला, मागे आला, परत आदळला. कपाळावर रक्त आलं. वॉर्डातला एक मदतनीस ओरडायला लागला. ब्लांका आनिबालपासून चार हातांवर उभी राहून हळू आवाजात बोलत होती, "आनिबाल, माझ्याकडे बघा. बस उभी आहे. माझ्याकडे बघा."

कपाट थांबला नाही. तो मागून गेला, दोन्ही हात काखांखालून घातले, त्याला उचलून खाली बसवलं आणि गुडघ्यांत धरलं. आनिबाल एकदा धडपडला आणि ढिला पडला. संपलं. कुणाला ओरखडा नाही.

"काय हात आहेत राव," मदतनीस म्हणाला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. कपाटाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं.

औषधांच्या खोलीत ब्लांकाने हात धुतले, पुसले, मग म्हणाली, "तो माझ्याकडे वळत होता."

"त्याचं डोकं फुटलं असतं, दोन्या ब्लांका."

"फुटलंही असतं. मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. आता कळायची सोय राहिली नाही, एवढंच." रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी इस्पितळाचे प्रमुख, डॉक्टर ओलासाबाल, यांनी त्याला बोलावलं. बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती. "शिक्षण संपलं की इकडे या," ते म्हणाले. "आम्हाला तुमच्यासारखा माणूस हवाच आहे." हे बोलताना ते कपाटाच्या तोंडाकडे बघत नव्हते, खांद्यांकडे बघत होते. घर शाकारायला तुळई बघावी तसे. "पुढच्या शुक्रवारी सांगा."

दुसरीकडे गावातल्या दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या वॉर्डात त्याच्यासाठी जागा होती. घरापासून चालत जाण्याजोगी. तिथे जखम दिसते, भरताना दिसते, आणि पेशंट घरी जाताना केक देऊन जातो. सुलमाला ते हवं होतं. दोन्या एलीदाने तर पांढरा कोट शिवायला कापडही बघून ठेवलं होतं, कारण तयार कोटात कपाट मावत नाही.

महिन्याची एकोणतीस तारीख रविवारी आली. त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी नोकी होतात, आणि सासूचंच दुकान म्हटल्यावर कपाटाच्या ताटात डोंगर होतो. शेजारपाजारचे चारजण होतेच जेवायला, आमची गल्ली कुणाच्या जेवणाला गैरहजर राहत नाही. दोन्या एलीदाने रस्सा वाढता वाढता विषय काढला.

"सगळ्या गावात झालंय हो. त्या वेड्याला म्हणे मेंढीसारखा खाली बसवलास. भादरलास पण का रे, कपाटा?"

सगळे खो खो हसले. कपाटही सवयीने हसला. मग त्याचा काटा तोंडाजवळ जाऊन थांबला.

कारण ते तसंच होतं. अगदी तसंच. काखांखालून हात, उचल, बुडावर बसव, गुडघे आवळ. समोर माणूस आहे की मेंढी, हे त्याच्या हातांनी विचारलंच नव्हतं. आणि आनिबाल शांत झाला नव्हता, निमूट झाला होता. या दोन्हींतला फरक कपाटाइतका कुणाला ठाऊक? त्याने हजारो निमूट डोळे पाहिले होते.

"त्याचं नाव आनिबाल आहे," तो म्हणाला.

"बरं बाबा, आनिबाल," सासू म्हणाली आणि तिने त्याच्या ताटात आणखी नोकी घातल्या. कपाटाने त्या खाल्ल्या नाहीत, तेव्हा मात्र ती घाबरली.

जेवणानंतर सुलमा त्याला नदीकाठी घेऊन गेली. त्याने तुंबा भरला, प्याला, भरून तिला दिला.

"तुला तिथे जायचंय का?" तिने विचारलं.

"सगळे म्हणतात मला तिथलं काम जमतं."

"ते नाही विचारलं मी."

त्याने रिकामा तुंबा परत घेतला. "ज्याच्यासाठी मी त्यांना हवाय ना, ते मला पुन्हा करायचं नाहीये. पण ते काढून घेतलं तर माझ्याकडे उरतं काय?"

"थर्मास," सुलमा म्हणाली. त्याला हसू आलं नाही म्हणून तीही गंभीर झाली. "मग जाऊ नकोस. इथे जखमा बांध. कुणी तुला बोल लावणार नाही."

"बोल कोण लावतंय," कपाट म्हणाला. "उद्या फेरी आहे, तिचं टेन्शन आहे मला."

कारण त्या मंगळवारपासून फेरीत एक गोष्ट चालली होती, ती त्याने घरी कुणाला सांगितली नव्हती. तो तुंबा भरून आनिबालला द्यायचा, आनिबाल तो घ्यायचा आणि तोंडाला न लावता पलीकडच्याला द्यायचा. दोन फेऱ्या झाल्या की दोन्हीदा. रोज. कड्यातले सगळे बघायचे. कपाटाने एकदा प्रयत्न केला, "आनिबाल, त्या दिवशी माझं..."

"पुढे सरका," आनिबाल समोर बघत म्हणाला. "दारात उभं राहू नका."

थांब्यांचा खेळही बंद झाला होता.

सोमवारी कपाट तुतीखाली गेला तेव्हा त्याच्या मनात आपल्या गल्लीतलाच एक जुना तमाशा होता. दोघा भावांचं भांडण झालं होतं, धाकटा थोरल्याच्या हातचं पीत नव्हता. शेवटी थोरल्याने थर्मास त्याच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः कड्यात बसला. भरणाऱ्याच्या हातात फेरी असते. कुणाला द्यायचं, कुणाला ओलांडायचं, तो ठरवतो.

त्याने ब्लांकाला गाठलं. "दोन्या ब्लांका, पाणी तर कोमटच असतं. मग थर्मास आपल्याच हातात का?"

तिने चष्मा लावून त्याच्याकडे पाहिलं. "आजवर कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. मग वळून, "मी खिडकीत आहे."

त्याने थर्मास आणि तुंबा आनिबालच्या पुढ्यात ठेवला. आनिबालने आधी थर्मासकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग सदऱ्याची बटणं नीट केली. त्याने जुना पाला टाकून नवा भरला, हलवून एका अंगाला कलता केला, कडेने पाणी सोडलं. हात कसलेला होता. पहिला स्वतः प्याला. मग डावीकडून सुरुवात केली. फेरी कडं फिरून शेवटी कपाटापाशी आली, आणि आनिबालने तुंबा भरून त्याच्या नाकासमोरून उचलला आणि परत पहिल्याच्या हातात दिला.

कपाटाचे कान लाल झाले. एवढ्या माणसांत त्याला असं कुणी आयुष्यात ओलांडलं नव्हतं. दुसरी फेरी आली, पुन्हा तेच. एकजण खुदकन हसला. आत चादरी बदलायच्या होत्या, औषधं लावायची होती, उठायला हवं तेवढी कारणं होती. उठावं असं त्याच्या पायांना फार वाटलं. त्याने हात गुडघ्यांवर ठेवले आणि बसून राहिला.

त्याचे हात असे रिकामे कधी बसले नव्हते. कातर नाही, थर्मास नाही, कुणाची काख नाही. आणि करायला काही नाही म्हटल्यावर तो बघायला लागला. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या लेमोसचा जबडा औषधांनी थरथरायचा, नळी ओठांतून निसटायची. इतके दिवस कपाट काय करायचा, तर त्याच्या हातांवर आपले हात ठेवून तुंबा घट्ट धरायचा. लवकर आटपायचं. आनिबालने तसं केलं नाही. त्याने दोन बोटांनी नुसती नळी स्थिर धरली, आणि वाट बघितली. लेमोसचे ओठ फिरत फिरत स्वतःच नळीपाशी आले. वेळ लागला. कड्यातलं कुणी कुरकुरलं नाही.

खिडकीत ब्लांकाचा चष्मा चमकला.

मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. आनिबाल भरायचा, कपाटाला ओलांडायचा. गुरुवारी घरी निघताना कपाट बसथांब्यावर उभा होता आणि त्याच्या लक्षात आलं की आपण उद्याचा विचार करतोय. उद्या तो देईल की ओलांडेल. लेमोसला पाला जास्त कडू झाला होता, ते उद्या आनिबालला सांगावं का, की त्याचं त्याला कळू द्यावं. गेल्या कितीतरी वर्षांत त्याला उद्याच्या कामाची अशी ओढ लागली नव्हती. मेंढ्यांच्या हंगामात त्याला फक्त शेवटच्या मेंढीची ओढ असायची. आणि आपण चांगले आहोत म्हणून ही ओढ नव्हती, कारण या कड्यात सध्या त्याच्याइतका वाईट माणूस कुणीच नव्हता. आनिबालने कधीच तुंबा दिला नाही तर? तरी यायचं होतं.

शुक्रवारी डॉक्टरांनी पुन्हा खांद्यांकडे बघून विचारलं, "मग? ठरलं?"

"येतो मी," कपाट म्हणाला. "पण पकडापकडीचा माणूस म्हणून नको, डॉक्टर. दोन्या ब्लांकांच्या हाताखाली. कुणाला धरायची वेळ आलीच तर त्या सांगतील तेव्हा धरेन, आणि त्या सोड म्हणतील तेव्हा सोडेन."

डॉक्टर खट्टू झाले. "मग एवढ्या अंगाचा आम्हाला उपयोग काय?"

कपाटाने गंभीरपणे विचार केला. "सावली पडते," तो म्हणाला.

हे त्याने घरी लगेच सांगितलं नाही. सांगायची हिंमत झाली नाही म्हणा, कोटाचं कापड आणून झालं होतं. त्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर नेहमीप्रमाणे सगळ्यांनी खुर्च्या फुटपाथवर काढल्या. कपाट आला, काखेतला थर्मास काढला, तुंबा भरला, पहिला स्वतः प्याला, भरून सासूच्या हातात दिला. दोन्या एलीदाने एक घोट घेतला आणि तिचं तोंड असं झालं की पलीकडच्या कुत्र्याने शेपूट घातली.

"अरे कपाटा, हे काय? घरातला गॅस संपला का? पाय धुवायचं पाणी आहे हे."

कपाटाने थर्मासकडे पाहिलं, त्या पहिल्या दिवशी काखेकडे पाहिलं होतं तसंच. वॉर्डातून निघताना त्याने सवयीने तिथल्याच नळाचं कोमट पाणी भरून आणलं होतं. आणि पहिला तुंबा स्वतः पिऊनही त्याला काही वेगळं लागलं नव्हतं.

सुलमाने एकदा थर्मासकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. मग ती हसायला लागली, पण डोळे पुसत. "गेलं, आई," ती म्हणाली. "तुझा शस्त्रक्रियेचा वॉर्ड गेला."

फुटपाथ गप्प झाला. आमच्या फुटपाथाला हे जमतं असं आम्हालाही माहीत नव्हतं. दोन्या एलीदाने जावयाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, त्याला वेळ लागतोच. कोटाच्या कापडाबद्दल ती काहीतरी बोलणार असं सगळ्यांना वाटलं.

"आणि तो आनिबाल?" तिने विचारलं; फेरीची बातमीही तिच्या दुकानापर्यंत पोचली होती. "देतो का तुला?"

"अजून नाही."

"आणि तू बसून राहतोस."

"बसून राहतो."

म्हातारीने उरलेला तुंबा डोळे मिटून, आवाज करत, तळापर्यंत ओढला आणि परत त्याच्यापुढे धरला.

"भर," ती म्हणाली. "माझ्याकडून फेरी मोडली असं नको व्हायला. पण उद्या गरम आण."